फुटाला किती? रंगकामाचा रास्त दर ठरवण्याची रीत

सांगली-मिरजेत एकच फ्लॅट तीन पेंटरांना दाखवा. एक म्हणेल फुटाला ८ रुपये, दुसरा १२ आणि तिसरा १८. घरमालक आठवाल्याकडे झुकतो, अठरावाल्याला मनातल्या मनात लुटारू ठरवतो आणि बारावाल्याला म्हणतो, "दहा करा की अण्णा." यातला रास्त दर कुणाचा, हे अशानं कळत नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर सांगितलेले असतात. एकानं प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा थर, धरलेला नसतो. दुसऱ्यानं पुट्टी फक्त खिळ्यांची भोकं बुजवण्यापुरती धरलेली असते. तिसऱ्यानं पूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात धरलेले असतात.

म्हणून दर विचारायच्या आधी हिशेब आपण मांडायचा. मोजपट्टी, वही आणि एक मोकळा रविवार एवढं पुरतं. आपला आकडा हातात असला की घासाघीस करायची गरजच उरत नाही. समोरच्याच्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, एवढंच विचारायचं उरतं.

आधी भिंत तपासा

शेड कार्ड नंतर उघडा. आपल्याकडे पहिला प्रश्न ओलीचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर या भागांतल्या कित्येक घरांत पाणी शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी ओसरल्यावर भिंत वरून कोरडी दिसते, पण आतून महिनोन्‌महिने ओली राहते. पाण्याबरोबर मुरलेला खार सावकाश बाहेर येतो. पांढरी भुकटी दिसते, मग फुगवटे येतात, शेवटी पोपडे सुटतात. अशा भिंतीवर भारीतला रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात तो खाली पडणार.

साधी परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला लावा, चारही कडा टेपनं बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दवासारखे थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. मग ओल येते कुठून ते शोधा: जमिनीतून चढते, बाथरूमच्या पाइपमधून येते की गच्चीवरून झिरपते? हे काम प्लंबरचं किंवा गवंड्याचं. "वॉटरप्रूफ रंग मारून देतो, ओल बंद होईल," असं आतल्या भिंतीबाबत कुणी म्हणालं तर मी त्याला पुढचे प्रश्न विचारत नाही. पाणी मागून येत असताना पुढून रंग मारून ते थांबत नाही.

भेगांचंही तसंच. काळ्या मातीवरच्या घरांना भेगा जाणारच, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत भेग रेघेच्या पुढे गेली तर नुसती पुट्टी भरून उपयोग नाही.

गावभागातल्या किंवा साताऱ्यात राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत चुन्याच्या नाहीतर मातीच्या भिंती असतात. त्यांना ऑइल पेंट लावू नका. त्या भिंती ओल धरतात आणि सोडतात. वरून बंद केल्या की गिलाव्यासकट सुटतात. तिथं चुनाच बरा, आणि खर्चही कमी.

कुठला फूट?

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. फ्लॅट ६०० फुटांचा म्हणजे जमीन ६०० फूट. रंग लागतो भिंतींना आणि छताला. छत दहा फुटांवर असेल तर रंगवायचं क्षेत्रफळ कार्पेटच्या, म्हणजे घरातल्या जमिनीच्या, तीन ते साडेतीन पट निघतं. त्यामुळे कुणी "कार्पेटवर फुटाला ४० रुपये" म्हणालं आणि कुणी "भिंतीवर १२ रुपये" म्हणालं, तर दोन्ही दर जवळपास एकच आहेत. कुणी ब्रासवर बोलला तर १०० चौरस फुटांचा एक ब्रास धरा.

मोजायचं असं. खोली १० बाय १२, उंची १०. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले उंची, म्हणजे ४४० चौरस फूट. छत १२०. एकूण ५६०. याच रीतीनं प्रत्येक खोली मोजा. स्वयंपाकघरातल्या आणि बाथरूममधल्या टाइल्स, भिंतीला खिळलेली मोठी कपाटं वजा करा.

दारं-खिडक्या वजा करायच्या का, यावर पेंटर आणि मालक दोघंही हटून बसतात. सरकारी कामांत आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे मोजमाप होतं. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच फुटांपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ फुटांपर्यंत, एकाच बाजूनं वजा होते आणि तिच्या आतल्या कडा वेगळ्या मोजत नाहीत. आपलं नेहमीचं तीन बाय सातचं दार २१ फुटांचं, म्हणजे याच गटातलं. दोन्ही खोल्यांना एकच रंगकाम असेल तर ते एकदा वजा करा, दोनदा नको. कडांना ब्रश फिरवायला वेळ लागतोच, तेव्हा हे न्यायाचं आहे. बरेच पेंटर काहीच वजा करत नाहीत आणि कडाही मोजत नाहीत. तेही चालेल, फक्त आधी ठरवा. आणि मोजणी पेंटरबरोबर करा, पट्टीचं एक टोक त्याच्या हातात देऊन. काम संपल्यावर निघालेल्या "वाढीव फुटांचं" बिल असं आधीच टळतं.

काम नक्की कोणतं?

जुन्या रंगावर नवा रंग हे एक काम. नवा गिलावा, त्यावर पूर्ण पुट्टी, प्रायमर आणि रंग हे दुसरं. दोन्हींच्या दरांची तुलना करू नका. पहिल्यातही विचारा: सुटलेला रंग खरवडणार का? पॉलिश पेपर सगळ्या भिंतीला फिरवणार का फक्त डागांना? पुट्टी ठिकठिकाणी की सपाट? प्रायमर आहे का? रंगाचे किती हात? "दोन हात" म्हणताना प्रायमर त्यातच मोजलाय का? हा शेवटचा प्रश्न हमखास विचारा. पांढरा प्रायमर हा पहिला हात आणि रंगाचा एकच हात हा दुसरा, अशी गणितं मी पाहिली आहेत.

पहिल्या हातानंतर पेंटर खाली उतरेल तेव्हा भिंत पाहून घ्या. गडद शेड, विशेषतः लाल आणि पिवळ्या, दोन हातांत झाकत नाहीत. तिसऱ्या हाताचे पैसे मागितले तर त्यात लबाडी नाही, पण तो हात लागणार हे शेड ठरवतानाच बोललं गेलं पाहिजे. शिवाय गडद शेडसाठी मशीनमध्ये रंगद्रव्य जास्त पडतं, म्हणून त्याच रंगाची बादली महाग होते.

साहित्य आणि हजेऱ्या

आता हिशेब. समजा विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये भिंती आणि छत मिळून २,००० चौरस फूट निघाले. जुना रंग बरा आहे, ओल नाही, पुट्टी ठिकठिकाणी लागेल. खालचे भाव नमुन्यादाखल धरलेत. तुमच्या दुकानात विचारून तुमचे टाका.

रंग: बादलीवर व्याप्ती छापलेली असते, पण ती गुळगुळीत भिंतीवरची. घरगुती हिशेबाला साध्या इमल्शनचे, म्हणजे पाणी घालून मारायच्या भिंतीच्या रंगाचे, दोन हात लिटरमागे १०० ते १२० फूट धरावेत. म्हणजे साधारण १८ लिटर, अर्थात २० लिटरची एक बादली, समजा ४,४०० रुपये. प्रायमरचा एक हात, पंधरा-सोळा लिटर, समजा २,२००. पुट्टीचं ४० किलोचं एक पोतं ९००. पॉलिश पेपर, रोलर, ब्रश, टेप, जमिनीवर अंथरायचा कागद, १,०००. साहित्याची बेरीज ८,५००.

हजेऱ्या: एक कारागीर, एक हेल्पर. घासकाम आणि झाकाझाकी दोन दिवस, पुट्टी आणि तिची घासाई दोन दिवस, प्रायमर एक, रंगाचे दोन हात दोन दिवस, टचिंग आणि साफसफाई एक. एकूण आठ दिवस. कारागिराची हजेरी ९००, हेल्परची ६०० धरली तर दिवसाला १,५०० आणि आठ दिवसांचे १२,०००.

दोन्ही मिळून २०,५००. यावर पेंटरचं स्वतःचं काही नको का? चढायची घोडी, जाण्यायेण्याचं पेट्रोल, रिकामे जाणारे दिवस, कामाची जबाबदारी. १५ टक्के धरले तर ३,०७५. एकूण २३,५७५, म्हणजे फुटाला पावणेबाराच्या पुढे. बारावाला रास्त होता, आणि त्याला "दहा करा" म्हणणं म्हणजे त्याच्या खिशातून रंग मारून घेणं.

आता आठवाला. २,००० फुटांचे त्याला १६,००० मिळणार, पण साहित्य आणि हजेऱ्याच २०,५०० च्या आहेत. मग त्याला परवडतं कसं? प्रायमर उडवला की २,२०० चं साहित्य आणि एका दिवसाचे १,५०० वाचतात, म्हणजे ३,७००. रंगाचा दुसरा हात उडवला की अर्धी बादली आणि एक दिवस, पुन्हा ३,७००. खर्च १३,१०० वर आला आणि त्याला २,९०० उरले. तो तोट्यात नाही. कमी काम मात्र तुमच्या भिंतीवर झालं, आणि ते दिसायला वर्षभर जावं लागतं.

आणि अठरावाला? पूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात द्यायचे तर किलोला १० ते १५ फूट पडतात, म्हणजे २,००० फुटांना चार-पाच पोती. आपल्या एका पोत्यावर चार वाढली, ३,६००. दोघांना आणखी पाच दिवस, ७,५००. वाढीव ११,१०० आणि त्यावर १५ टक्के मिळून १२,७६५. आधीच्या बेरजेत मिळवले की ३६,३४०, म्हणजे फुटाला अठराच्या थोडं वर. लुटारू वाटलेल्या माणसानं सपाट भिंतीचा दर सांगितला होता. तुम्हाला ती हवी आहे का, एवढाच प्रश्न. भाड्यानं द्यायच्या फ्लॅटला नको. लग्न निघालेल्या घराच्या हॉलला कदाचित हवी, आणि मग फक्त हॉललाच करा.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट दिसते. समजा ४,४०० च्या बादलीऐवजी ९,४०० ची घेतली, तरी फरक पडतो फुटाला अडीच रुपयांचा. मजुरी तेवढीच राहते. धुता येणारा रंग हवा असेल, घरात लहान मुलं असतील, तर माझं मत तिथं पैसे घालण्याच्या बाजूनं आहे. छताला मात्र साधा रंग चालतो. तिथं कुणी हात पुसत नाही.

मटेरियल कोणी आणायचं?

मटेरियलसकट काम दिलं तर डोक्याला ताप कमी, पण बादली कोणती आली हे पाहायला उभं राहावं लागतं. मजुरीवर दिलं तर खरेदी तुमची, आणि दुपारी तीन वाजता "पॉलिश पेपर संपला" हा फोनही तुम्हालाच. नोकरी करणाऱ्यांनी मधला मार्ग घ्यावा. रंग, प्रायमर आणि पुट्टी स्वतः बिलासह आणा, किरकोळ सामान पेंटरच्या दरात धरा.

दुकानात छापील किमतीवर घासाघीस करा, ती चालते. त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. रंगावर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो छापील किमतीच्या वर वेगळा लावता येत नाही. पेंटरनं मजुरीवर जीएसटी लावला तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर हवा. नोंदणी नसलेल्याला तो घेताच येत नाही. वर्षाला २० लाखांपर्यंतची सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे एकट्यादुकट्या पेंटरकडे तो क्रमांक बहुधा नसतोच.

बऱ्याच बादल्यांत कंपन्या पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड घालतात, आणि काही दुकानं गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेंटरला काही देतात. यात चोरी नाही, धंद्याची रीतच आहे. पण "हीच कंपनी घ्या, दुसरी टिकतच नाही" असा आग्रह झाला की त्यामागे काय असू शकतं ते ओळखा. बादली तुम्ही आणलेली असली तरी टोकन पेंटरला देऊन टाका आणि आधीच तसं सांगा. माणूस खुशीनं काम करतो.

बादली तुमच्यासमोर फुटली पाहिजे. सील आणि उत्पादनाची तारीख बघा, झाकणावरचा शेड कोड वहीत लिहा. पाणी किती घालायचं ते बादलीवर असतं. पहिल्या दिवशी ते पेंटरबरोबर मोठ्यानं वाचा. रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका.

दारं, ग्रिल आणि बाहेरची बाजू

हे भिंतीच्या दरात बसत नाही, वेगळं धरा. जुना ऑइल पेंट घासणं, लाकडाच्या खाचांत लांबी (लाकडाची पुट्टी) भरणं, मग रंग, सगळं हळू चालतं. सरकारी मोजणीत पॅनेलच्या दाराचं क्षेत्रफळ प्रत्येक बाजूला १.३ पट धरतात, कारण नक्षीच्या कडांना रंग जास्त लागतो. खिडकीच्या ग्रिलचं मात्र एका बाजूचं क्षेत्रफळ एकदाच मोजतात आणि त्यात दोन्हीकडून रंग आला. पेंटरनं ग्रिल दोनदा मोजली तर हे दाखवा. अगदी जुन्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१६ चा आहे. म्हणून असा थर कोरडा घासू नका, पाणी लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा. वेळ जास्त लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात.

बाहेरचा खडबडीत गिलावा आतल्यापेक्षा जवळपास दुप्पट रंग पितो. परांची किंवा झुला कोणाचा, हे दर ठरवतानाच विचारा. उंचावरच्या माणसाला पट्टा असावा. तो नसेल तर स्वस्त दरातही ते काम करून घेऊ नका. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळ येतंच. ते धुऊन, शेवाळनाशक लावून, वाळवून मग रंग, असा क्रम आणि तसा दर हवा. आटपाडी-जतकडे हा खर्च बहुतेक वाचतो.

केव्हा काढायचं?

गणपती ते दिवाळी पेंटर देव होतो. प्रत्येकाला दसऱ्याच्या आत घर हवं असतं. दर चढतो, माणसं अपुरी पडतात आणि एकाच वेळी चार घरं धरून तो प्रत्येक घरी अर्धा दिवस येतो. वर हवेत दमटपणा असल्यानं दोन हातांमधला वेळ नीट पाळला जात नाही. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत काम काढा. उसाचं बिल किंवा द्राक्षाची पट्टी आली की तासगाव-वाळव्याकडे पुन्हा मागणी वाढते, तेवढे आठवडे टाळले तर बरं. नव्या गिलाव्याला किमान महिनाभर वाळू द्या. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला म्हणून ओल्या भिंतीला पुट्टी लावून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

लिहून घ्या, मग उचल द्या

स्टॅम्पपेपरची गरज नाही. पेंटरला मोबाइलवर एक मजकूर पाठवा आणि त्याच्याकडून "हो" घ्या. असा:

"दादा, ठरल्याप्रमाणे: हॉल, दोन बेडरूम, किचन, पॅसेज. भिंती आणि छत मिळून २,००० फूट, दोघांनी मोजले. सुटलेला रंग खरवडणे, सगळीकडे पॉलिश पेपर, ठिकठिकाणी पुट्टी, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. रंग, प्रायमर, पुट्टी माझ्याकडून, किरकोळ सामान तुमचं. सामान हलवणं आणि शेवटची साफसफाई तुमच्याकडे. मजुरी फुटाला अमुक. दारं-ग्रिल वेगळी, एकूण अमुक. दोन माणसं रोज. वाढीव काम आधी विचारून."

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या. सुरुवातीला थोडी उचल, घासकाम आणि पुट्टी झाल्यावर काही, प्रायमरनंतर काही, आणि दहाएक टक्के शेवटपर्यंत हातात. अर्ध्याहून जास्त रक्कम आधी मागणाऱ्याला, मटेरियल तुमचं असताना, का हे विचारा. उलट हेल्परची हजेरी अडकेल इतकं ताणूही नका. आठवड्याच्या बाजाराला त्याच्याकडे पैसे नसले तर सोमवारी तो दुसऱ्या कामावर गेलेला दिसेल.

शेवटचे पैसे संध्याकाळी द्या. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. पुट्टीचे उंचवटे, रोलरचे पट्टे, सुटलेल्या जागा सगळ्या दिसतात. तिथं पेन्सिलनं खूण करत जा, पेंटर बरोबर असतानाच. स्विचबोर्डाच्या कडा, दारामागची भिंत आणि गीझरची मागची बाजू विसरू नका. उरलेला रंग लहान डब्यात घट्ट झाकून, वर शेड कोड आणि खोलीचं नाव लिहून माळ्यावर ठेवा. बोर्ड बदलायला वायरमन आला की तो लागतोच.